घरच्या माणसाला सांगावा

ओढ्याचं पाणी उतरलं आहे. काल दस्तगीरभाई गवंडी आले, ओसरीच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "वैनी, पायाचं दगड दिसाय लागल्यात." बांध घालायची वेळ आली, हे सांगायला याहून जास्त काय बोलायचं? मी आत गेले, फळीवरचा सुपाऱ्यांचा डबा काढला आणि तो हातात घेऊन तशीच उभी राहिले. पुढं काय करायचं ते सुचेना. तुम्ही असता तर डबा माझ्या हातून काढून घेतला असता आणि धुतलेलं धोतर मागितलं असतं.

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही. लोक येतात, बसतात, हवालदार देवमाणूस होता म्हणतात. मी ऐकून घेते. तुम्ही देवमाणूस नव्हता. देवमाणसाशी इतकी भांडणं करता येत नाहीत. आपलं एक भांडण तर अर्धंच राहिलं आहे, आणि उरलेलं अर्धं एकटीनं कसं भांडायचं ते मला कळत नाही. म्हणून लिहायला बसले. रहिमतपूरच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, त्याचा हा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

तुम्ही लढाईवर होता तेव्हाची गोष्ट मी तुम्हाला तुकड्यातुकड्यानं सांगितली, सगळी अशी कधी सांगितलीच नाही. मामंजींचे डोळे गेले त्या साली गावाला वाटलं, आता बांधाचं कसं होणार. पिढ्यान् पिढ्या आपल्या घरानं सांगावा द्यायचा, मग घरटी एक माणूस येणार, आणि सगळे मिळून ओढ्यात दगड, माती, झुडपं टाकून बांध घालणार. पावसाळ्यात तो वाहून जायचा, पाऊस सरला की पुन्हा घालायचा. त्याच्या पाण्यावर सगळ्यांचा ऊस. मजुरी कुणी कुणाला देत नव्हतं. फक्त आदल्या दिवशी आपल्या घरच्या माणसानं प्रत्येक दारात स्वतः जायचं, हातावर सुपारी ठेवायची आणि सांगायचं. म्हातारा दिसत नाही म्हणून घरात बसेल तर कसला. मला म्हणाले, "पोरी, काठीचं म्होरलं टोक धर." आणि मी डोक्यावरचा पदर सावरत पुढं आणि ते मागं, असे आम्ही गावभर फिरलो. आधी लोक बघायचे. मग बघायचं सोडून दिलं.

आणि तिथं मी जे ऐकलं ते मला कुठल्या शाळेत ऐकायला मिळालं नसतं. पाटलाच्या ओट्यावर बसून मामंजी त्याच्या खिलारी बैलाचं बोलायचे. बैल खातो का, खांदा कसा आहे, औंदा दात जुळले का. बांधाचा शब्दच नाही. उठताना तेवढी सुपारी ओट्यावर ठेवायचे. दस्तगीरभाईंच्या दारात जाऊन सल्ला मागायचे, "पायात काळा दगड घ्यावा का पांढरा?" काळाच घ्यायचा हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं. तालमीतल्या ज्ञानूला म्हणायचे, "तू येऊ नगंस. ओलं दगड जड असत्यात, तुला न्हाई झेपायचं." ज्ञानू सगळ्यांच्या आधी ओढ्यात. आणि गंगूमावशी, जिच्या घरात गडीमाणूसच उरला नव्हता, तिच्या अंगणात उभं राहून मऊ आवाजात म्हणायचे, "मावशी, तुमच्या हातची आंबील आल्याबिगर आमचा बांध बसत न्हाई बघा." त्या आंबिलीनं मावशीचं घर बांधाच्या बरोबरीला यायचं. तिला वर्षभर कुणी पाण्याला नाही म्हणू शकत नव्हतं.

मी एकदा विचारलं, "मामंजी, काम एकच, मग दारोदार निराळं का बोलता?" ते हसले. म्हणाले, "परत्येक दाराची कडी एकाच बाजूला असती व्हय? आदी चाचपायचं, मग हात घालायचा." आंधळा माणूस हे बोलत होता, म्हणून मला तेव्हा गंमत वाटली. आता वाटत नाही.

तुम्ही परत आलात तोवर मामंजी गेले होते. तुम्ही आलात ते छातीवर बिल्ले, पायात बूट आणि तोंडात अर्धी हिंदी घेऊन. घरातल्या कोंबड्याही तुमच्या आवाजानं लायनीत चालायला लागल्या, असं गंगूमावशी म्हणायची. त्या साली बांधाची वेळ आली तेव्हा मी डबा काढून ठेवला. तुम्ही त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. गावात दवंडी पिटवलीत. उद्या सकाळी घरटी एक गडी ओढ्यावर हजर व्हावा, न येईल त्याची पाण्याची पाळी बंद. ढोलक्याचा आवाज ऐकून माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. आपल्या गावात दवंडी चोरीची होते, पटकीची होते, सरकारी साऱ्याची होते. बांधाची दवंडी म्हणजे लग्नाचं आमंत्रण चावडीवर लावण्यासारखं.

सकाळी तुम्ही शिट्टी घेऊन ओढ्यावर उभे. आले एकटे दस्तगीरभाई, तेही तुमची कीव येऊन. तुम्ही त्यांना विचारलंत, "बाकी कुठं हायत?"

"घरात हायत की."

"दवंडी ऐकली न्हाई?"

"ऐकली की. दवंडी ऐकली की माणसाला वाटतं, सरकारचं काम हाय. आता सरकारच्या कामाला कोण जातंय, हवालदार?"

हे मला दस्तगीरभाईंनीच नंतर सांगितलं. तुम्ही घरी आलात ते ताडताड पाय आपटत. गाव माजलंय म्हणालात, यांना शिस्त नाही म्हणालात, फौजेत असते तर एकेकाला दाखवलं असतं म्हणालात. मी भाकरी थापत होते. मला गप्प बसवेना.

"ही फौज न्हाई," मी म्हणाले. "फौजेत माणूस आला न्हाई तर धरून आणता. हितं माणूस आला न्हाई तर तो आपल्या घरात बसून भाकरी खातोय. त्येला कसं धरणार?"

"मंग काय पाया पडू त्येंच्या?"

"पाया पडू नगा. दारात जावा. उंटावरनं शेळ्या हाकल्या तर शेळ्या जात्यात व्हय कुठं?"

तुम्ही ताटावरून उठलात. ती भाकरी नंतर बैलाला घातली. पण दोन दिवसांनी, दावणीशी उभं राहून, माझ्याकडं पाठ करून तुम्ही विचारलंत, "आप्पा पाटलाकडं काय बोलायचं गं?" तेवढं विचारायला तुम्हाला किती जड गेलं ते मला पाठीवरून कळलं. मी सांगितलं. सगळ्या दारांचं सांगितलं. त्या संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीमागून मी ऐकत होते आणि तुम्ही आपल्याच बैलाला विचारत होता, "पाटील, बैल बरा हाय का? खांदा काय म्हणतोय?" मी तोंडात पदर कोंबून हसले. हे तुम्हाला कधी कळू दिलं नाही. आता कळलं तरी काय करणार आहात?

पहिल्या खेपेला सगळं बिघडवून आलात. पाटलाकडं बैलाचं इतकं विचारलंत की त्याला वाटलं तुम्हाला बैल विकत हवा आहे. ज्ञानूला "तुला झेपायचं न्हाई" म्हणालात, पण ते इतकं खरं वाटलं की तो रडकुंडीला आला. गंगूमावशीसमोर टाचा जुळवून उभे राहिलात आणि "मावशी, आंबील फजर में तय्यार" असं काहीतरी म्हणालात. मावशी म्हणाली, "व्हय सायेब." तरी लोक आले. हवालदार दारात आला, सुपारी दिली, चुकला तरी आला, एवढं त्यांना पुरलं. त्या साली बांध उशिरा झाला आणि वाकडा झाला, पण झाला.

मग हळूहळू तुम्हाला ते जमायला लागलं, आणि जमायला लागलं तसं आवडायलाही लागलं. तुम्ही मामंजींची नक्कल सोडलीत आणि स्वतःचं शोधलंत. पाटलाला इटलीतल्या बैलांच्या गोष्टी सांगायला लागलात. दस्तगीरभाईंशी बोलताना खाली बसून मातीत काडीनं रेघा ओढायचात. पोरांना कुस्तीच्या भाषेत सांगायचात, म्हाताऱ्यांना त्यांच्या तरुणपणातल्या बांधाची आठवण विचारायचात. ज्याच्या घरात दुखणं आहे तिथं सुपारी द्यायचीच नाही, नुसतं बसून यायचं, हे तर मामंजींनाही सुचलं नव्हतं. त्या घरचा माणूस दुसऱ्या दिवशी आपणहून यायचा. मी ओढ्याच्या काठावर भाकऱ्यांची पाटी घेऊन यायचे तेव्हा गाव तुमच्या शब्दावर चालताना दिसायचं आणि तुमचा आवाज कुठून येतो तेही कळायचं नाही. मला अभिमान वाटायचा. खरं सांगते, फार वाटायचा.

आणि रागही यायचा. गावभर गोड बोलून आलेला माणूस घरात शिरताना ती बोली वहाणांबरोबर बाहेर काढून ठेवायचा. आत आला की "पाणी." "भाकर." "चल." "झोप." दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्या स्वयंपाकघरात मी रोज बघत होते. दवंडी गावाची बंद झाली, माझ्यावरची चालूच राहिली.

आठवतं, ज्या साली अवकाळी पाऊस वरच्या अंगाला झाला? बांध अर्धा झाला होता, गडी कमरेइतक्या पाण्यात होते, आणि तुम्ही एकदम ओरडलात, "ऊपर! सब ऊपर!" काय तो आवाज. गोड नाही, मऊ नाही, दारादाराचा नाही. कुणी का म्हणून विचारलं नाही. दगड टाकून सगळे काठावर. ज्ञानू तर रांगत चढला. मग लोंढा आला आणि अर्धा बांध आमच्या डोळ्यांदेखत घेऊन गेला. माणूस एकही गेला नाही. घरी येताना मी चिडवलं, "मंग, शेवटी हुकूमच खरा की?"

तुम्ही गंभीरपणानं म्हणालात, "हुकूम कोयत्याच्या धारंवाणी असतोय. रोज सरपणाला वापरला तर ऐन उसाच्या येळंला बोथट व्हतोय. येकदाच वापरायचा, तवा चालतोय."

"मग घरात रोज कशाला वापरता?" मी विचारलं.

तुम्ही चालत राहिलात. तेच ते आपलं भांडण. पुढच्या साली तुम्ही सगळी दारं करून आलात आणि मला म्हणालात, "सकाळी लौकर निघायचं, भाकरी जास्त कर." मी म्हणाले, "मला सांगावा न्हाई दिला." तुम्हाला वाटलं मी थट्टा करते. मी हात पुढं केला, सुपारीसाठी. तुम्ही हातावर बघितलंत आणि म्हणालात, "घरच्या माणसाला सांगावा देत्यात व्हय?"

त्या साली मी ओढ्यावर आले नाही. भाकरी पाठवल्या, मी गेले नाही. संध्याकाळी तुम्ही आलात, पाय धुतलेत, जेवलात आणि म्हणालात, "पाणी बसलं." एवढंच. मी का आले नाही ते विचारलं नाहीत. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला सुपारी नको होती. मामंजींची काठी धरून मी फिरले होते. मला दारादारातलं सगळं येत होतं आणि माझ्याच दारात कुणी कधी उभं राहिलं नव्हतं. तुम्ही विचारलं नाहीत, मी बोलले नाही, आणि दिवा मालवला.

मग ते पोटाचं दुखणं आलं. आधी तुम्ही जेवण कमी केलंत, मग कंबरेचं धोतर ढिलं व्हायला लागलं, मग मोरीत उलटीत काळं दिसलं आणि तुम्ही त्यावर पाणी ओतलंत. मी बघितलं होतं. मी म्हणाले, मिरजेला मोठा दवाखाना आहे, जाऊया. तुम्ही म्हणालात, "ओवा दे."

मी काय नाही केलं सांगा. मऊ बोलले. तुम्ही हसण्यावारी नेलंत. रागावले, तुम्ही शेतावर निघून गेलात. अबोला धरला, तो तुम्हाला दोन दिवस कळलाच नाही. लेकीला मलकापुराहून बोलावून घेतली. शालन तुमचा हात धरून रडली, तर तिचे डोळे पुसून म्हणालात, "रडू नगं, तुजी आईच पाठवतीया तुला." पालथ्या घड्यावर पाणी. मग मी तेच केलं जे मला येत होतं. पदर घेऊन गावात फिरले. या वेळी सुपारी नव्हती. प्रत्येक दारात एकच मागणं, हवालदारांना मिरजेला जायला सांगा, तुमच्या तऱ्हेनं सांगा.

आणि ते आले हो. सगळे आले. पाटील येऊन बैलाचं बोलत बसला आणि उठता उठता म्हणाला, मिरजेला बाजार चांगला असतो, येतोस का. ज्ञानू म्हणाला, "हवालदार, एवढा परवास तुमास्नी झेपायचा न्हाई." गंगूमावशी म्हणाली, तुमी मिरजंला जाऊन आल्याबिगर मी औंदा आंबील करायची न्हाई. दस्तगीरभाई सगळ्यात शेवटी आले. म्हणाले, "माजंच पोट दुखतंय. येकट्यानं मिरजंला जायला भ्या वाटतंय. सोबत येतोस का?"

तुम्ही खाटेवर हसलात, पोट धरून हसलात, आणि हसताना दुखलं म्हणून डोळे मिटलेत. "दस्तगीर, गुरूची विद्या गुरूला व्हय रं? ही सगळी माज्या बापाची दारं हायत. मी स्वतः फिरलोय ती."

दस्तगीरभाई अंगणात आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हा कळलं की आता माझ्याजवळ काही उरलं नाही. जेवढ्या तऱ्हा होत्या तेवढ्या तुमच्या ओळखीच्या होत्या. सबंध गावाला कसं सांगायचं ते तुम्हाला येत होतं, आणि तुम्हाला कसं सांगायचं ते गावात कुणालाच येत नव्हतं. मी चुलीपाशी बसून राहायचे. तुमचं कण्हणं ऐकू यायचं, आणि मी आत येताच ते थांबायचं.

मग एका सकाळी तुम्हाला उठून बसताही येईना. मी ज्ञानूला सांगितलं, गाडी जुंपून आण. त्यानं विचारलं, "त्ये कबूल झालं का?" मी म्हणाले, न्हाई. मग खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले. काय बोलणार आहे ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. डोक्यावरचा पदर सरळ केला आणि तुमचं नाव घेतलं. लग्नातल्या उखाण्यानंतर ते माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं, इथंही मी ते लिहिणार नाही. आधी हवालदार अशी हाक मारली, मग नाव घेतलं, आणि तुमच्याच आवाजात म्हणाले, "सावधान. ऊठ. गाडीत बस."

बाहेर ज्ञानू हसला आणि मग गप्प झाला. तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडं बघितलंत ते बायकोकडं बघितल्यासारखं नव्हतं. मग पाय जमिनीला लागले, हात मांड्यांशी गेले आणि तुम्ही उभे राहिलात. सरळ. इतक्या दिवसांत मी तुम्हाला सरळ बघितलं नव्हतं. "जी, साब," म्हणालात आणि कुणाचा हात न धरता गाडीपर्यंत चालत गेलात. मी मागून धोतराचा सोगा धरला होता, ते गळून पडू नये म्हणून.

मिरजेला डॉक्टरांनी पोट उघडलं आणि परत शिवलं. मला बाहेर बोलावून म्हणाले, फार आधी आणायला हवं होतं. डॉक्टर माणूस चांगला होता, माझ्या वयाकडं बघून आवाज खाली केला, हळू हळू बोलला, मला कळेल अशा शब्दांत बोलला. त्याच्या तऱ्हेची मला किंमत कळत होती. पण त्या चांगल्या बोलण्यानं काही बदलत नव्हतं. घरी घेऊन जा म्हणाला.

परतीच्या आगगाडीत तुम्ही बाकावर डोकं माझ्या मांडीवर ठेवून पडला होता. चारचौघांत असं कधी बसलो नव्हतो आपण. कऱ्हाड गेलं. बाहेर ऊस उभा होता, तुम्हाला दिसत नव्हता, मी सांगत होते कुणाचा किती वाढलाय. मध्येच तुम्ही म्हणालात, "हे आदी का न्हाई बोललीस?"

"काय?"

"ऊठ म्हणून. तसं."

मी म्हणाले, "तुमीच म्हणाला हुता, हुकूम येकदाच वापरायचा."

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मग म्हणालात, "फौजेत दुकलं तर आपणहून दवाखान्यात जायाचं नसतंय. पहाऱ्यावरचा शिपाई हुकूम आल्याबिगर जागा सोडत न्हाई. तुमी समदी मला इनवत बसला. कुणी सोडलंच न्हाई."

यावर मी काय बोलायला हवं होतं ते सांगा. मी अजून शोधते आहे. सगळ्या गावाच्या कड्या मला पाठ, आणि तुमची कडी तर बाहेरच्या बाजूला होती, पहिल्या दिवसापासून, बूट घालून आलात तेव्हापासून. मी तिच्याशी भांडण्यात वर्षं घालवली. ती उघडण्यासाठी असते हे माझ्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं असतं तरी नवऱ्याला नाव घेऊन हुकूम द्यायचा, हे मला कुणी शिकवलं होतं? त्या सकाळीही ते मी केलं नाही, माझ्याकडून झालं. महिनाभर आधी का झालं नाही, याला माझ्याकडं उत्तर नाही. तुमच्यावर राग काढावा तर तुम्ही नाही. माझ्यावर काढून बघितला, त्यानंही काही होत नाही.

मसूर गेल्यावर तुम्ही पुन्हा डोळे उघडलेत. म्हणालात, "औंदाचा सांगावा तू देशील का?"

देशील का. मला. मी खिडकीकडं तोंड फिरवलं, कारण डब्यात माणसं होती आणि माझा चेहरा माझ्या ताब्यात नव्हता. मला वाटलं, जरा सावरू, मग हो म्हणू. रहिमतपूर आलं, ज्ञानू बैलगाडी घेऊन उभा होता, तुम्हाला उतरवायची धांदल झाली. गाडीत घालताना मला कळलं की मी जो मागत होते तो सांगावा हाच, आणि तो तुम्ही माझ्या दारात येऊन दिला, आणि मी हात पुढं केला नाही. मग घरी आल्यावर ग्लानी, ताप, माणसांची ये-जा. एकदा तुमच्या कानाशी वाकून मी "व्हय, देते" म्हणाले. ते तुम्हाला पोचलं का? डोळे मिटलेले होते. उत्तराची वाट बघून तुम्ही गाडीतच झोपलात, की मी नाही म्हणाले असं समजून झोपलात, हे एकच मला विचारायचं आहे आणि ते विचारायला आता जागा नाही.

काल दस्तगीरभाईंना मी म्हणाले, माझ्या कपाळावर आता कुंकू नाही. माझ्या हातची सुपारी कोण घेणार? ते उठून गेले आणि थोड्या वेळानं गंगूमावशीला घेऊन आले. मावशीनं दारातूनच सुनावलं, "माजी आंबील गावाला चालती, तर तुजी सुपारी न चालाय काय झालं? पयलं माज्याकडं ये." तिनं बरोबर माझ्या कडीवर हात घातला. कुठून शिकली कोण जाणे.

म्हणून उद्या निघते आहे. सुपाऱ्या पुसून ठेवल्या आहेत. कोपऱ्यात मामंजींची काठी होती, ती घेणार आहे, धरायला दुसरं टोक कुणी नसलं तरी. मावशीच्या अंगणात काय बोलायचं, पाटलाच्या ओट्यावर किती वेळ बसायचं, दस्तगीरभाईंना काय विचारायचं, ज्ञानूला काय म्हणायचं नाही, सगळं मला येतं. लोक येतील, बांध होईल, पाणी बसेल. गावातली सगळी दारं करून मी फिरून आपल्या दाराशी येईन, हातात एक सुपारी उरलेली असेल, आणि आत कुणी नसेल. तिथं काय बोलायचं असतं, ते तेवढं तुम्ही मला सांगितलं नाहीत.